हृदयांतील निशाण

शवाच्या अंगावर कुंडलें घातलीं तरी तीं शोभत नाहींत, असें अभिनवगुप्तानें म्हटलें आहे. अलंकार्यच नसेल तर अलंकार शोभविणार कोणाला? युरोपांतील युरोव्हिजन गीतस्पर्धेचीं बोधचिन्हें व रंगमंच यांस हीच कसोटी लावून पाहावीशी वाटते.

१९५६ सालीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें सात देशांनीं प्रत्येकीं दोन गीतें सादर करून ही स्पर्धा आरंभिली. पुढें २००४ सालीं इस्तंबूल येथें तिला कायमचें बोधचिन्ह लाभलें. त्यांतील हृदयाच्या आकृतींत यजमान देशाचें निशाण घालावें, असा संकेत पडला. संकेत सुबक खरा. परंतु बरीच वर्षें त्यावरून केवळ देश कळे, भाव कळत नसे. रंगमंचाचा थाट मात्र वाढत गेला. २०२२ सालीं तुरीन येथें सूर्याच्या कल्पनेवर प्रचंड फिरत्या कमानी उभारल्या. त्या योजिल्याप्रमाणें फिरेनात, आणि कित्येक देशांना आपली मांडणी बदलावी लागली. गाण्यानें यंत्राची मर्जी राखावी, हा उलटा न्याय होय.

त्या वर्षीं युक्रेन विजयी झाला. रूढीप्रमाणें २०२३ ची स्पर्धा तेथें व्हावयाची. युद्धामुळें ती त्याच्या वतीनें लिव्हरपूल येथें भरली. यजमान ब्रिटन, आणि हृदयांत निशाण मात्र युक्रेनचें! ज्युलिओ हिमेदे यांनीं रंगमंचही आलिंगनासाठीं पसरलेल्या बाहूंच्या कल्पनेवर रचला. एरवीं ही कल्पना भाबडी वाटली असती. परंतु ज्याचें घर जळत आहे त्याचें कार्य शेजाऱ्यानें आपल्या अंगणांत मांडलें असतां तींत औचित्य आलें. येथें अलंकाराला अलंकार्य सांपडलें.

त्या प्रसंगाचें बोधवाक्य होतें ‘संगीतानें एकत्र’. संयोजकांनीं तें २०२४ पासून कायमचें ठरविलें, आणि येथेंच आमचा आक्षेप आहे. प्रसंगानें दिलेला अर्थ ठरावानें टिकवितां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं माल्मो येथें इस्रायलच्या सहभागाविरुद्ध हजारों लोक रस्त्यावर निषेध करीत होते, आणि स्पर्धेवर शिक्का तोच होता! त्या निषेधाविषयीं कोणाचें मत कांहींही असो. तें वाक्य त्या दिवशीं वस्तुस्थितीशीं जुळत नव्हतें, हें कोणासही मान्य व्हावें.

दर वर्षीं नवें बोधवाक्य शोधण्याची पूर्वीची रीत त्रासाची होती, आणि त्यांतून पुष्कळदां पोकळ शब्दही निपजले. परंतु आपण या वर्षीं काय म्हणत आहों, याचा विचार त्या निमित्तानें यजमानाला करावा लागे. तेवढ्यासाठीं तरी ती रीत पुन्हां सुरू व्हावी.