युनिक्सचा ‘फुल फॉर्म’ : एका उत्तराची उलटतपासणी

सेट-नेटची गाईडं चाळा, मुलाखतीच्या नोट्स चाळा, एक ओळ हमखास सापडेल: युनिक्स म्हणजे ‘युनिप्लेक्स्ड इन्फर्मेशन अँड कॉम्प्युटिंग सर्व्हिस’. कधी पुढे पुस्तीही असते, की ‘युनि’ म्हणजे एकच युजर. ओळ साफ खोटी नाही, हाच तिचा खरा त्रास. प्रबंधात ती तशीच उतरवण्याआधी जरा मूळ कागद बघूया.

डेनिस रिची यांनी 1979 मध्ये सिडनीच्या एका परिषदेत युनिक्सच्या जडणघडणीवर निबंध सादर केला. त्यात नावाबद्दल जेमतेम एक वाक्य आहे: 1970 साल बरंच पुढे गेल्यावर ब्रायन कर्निहॅन यांनी ‘मल्टिक्स’वर जराशी दगाबाज कोटी करून हे नाव सुचवलं. बस्स! फुल फॉर्मचा पत्ता नाही.

दगाबाज का? तर मल्टिक्स हा एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबचा एकत्र प्रकल्प. त्याच्या नावाला खराखुरा विस्तार होता, ‘मल्टिप्लेक्स्ड इन्फर्मेशन’ वगैरे. बेल लॅब 1969 मध्ये त्यातून बाहेर पडली, आणि तिथल्याच केन थॉम्पसन यांनी एका छोट्या पीडीपी-7 मशीनवर नवी सिस्टिम उभी केली. थोरल्या घराण्यातून बाहेर पडून त्याच्याच नावाची थट्टा! ‘युनिप्लेक्स्ड’ हा शब्दही त्या थट्टेतलाच. मल्टिप्लेक्स करणं म्हणजे एक साधन अनेकांत वाटणं. एकालाच द्यायचं तर वाटणी कसली?

आता ती ‘एकच युजर’वाली पुस्ती. त्याच निबंधात रिची सांगतात की पीडीपी-7 ला दोन टर्मिनल होते आणि प्रत्येकासाठी वेगळी प्रोसेस होती. म्हणजे पुस्ती तिथेच कोसळते. निबंध शेवटपर्यंत वाचणाऱ्यालाच हे दिसतं, हेही खरं.

मग विस्तार आला कुठून? कर्निहॅन यांच्या 2019 च्या आठवणींच्या पुस्तकात दोन हकिकती आहेत. त्यांच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे, मल्टिक्समध्ये सगळंच अनेक, इथे फार तर एक, म्हणून नाव ‘युनिक्स’, शेवटी सी-एस. दुसऱ्या हकिकतीप्रमाणे तो विस्तार पीटर नॉयमन यांनी केला. सी-एसचा एक्स कसा झाला, याचा धड खुलासा तेही देत नाहीत. (देवनागरीत तर हा घोळ दिसतच नाही, दोन्हीकडे ‘क्स’च.)

माझी तक्रार रिचींबद्दलही आहे. बाकी तपशिलात इतका उदार असलेला हा लेखक नावाच्या बाबतीत भलताच कंजूस. तरी घटनेनंतर दहाएक वर्षांत लिहिलेलं त्यांचं एक वाक्य मी पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा वर ठेवीन. कर्निहॅन यांचा मोठेपणा असा की त्यांनी स्वतःचं श्रेय कमी करणारी हकिकतही छापली.

आणि ती कॅपिटल अक्षरं? 1974 च्या रिची-थॉम्पसन लेखाचं शीर्षक बघून ‘म्हणजे हे आद्याक्षरंच’ असं वाटतं. रिचींनी नंतर दिलेलं कारण मजेदार आहे: नवं टाइपसेटर मशीन हाती आलं होतं आणि छोटी कॅपिटल छापण्याची नशा चढली होती.

तुमच्या प्रकरणात एवढंच लिहा: नाव 1970 मधलं, मल्टिक्सवरची कोटी, सुचवणारे कर्निहॅन, रिचींच्या मते, विस्तार कदाचित नॉयमन यांचा, कर्निहॅन यांच्या मते. परीक्षेत मात्र गाईडमधलंच उत्तर लिहा बरं का, मार्क त्यालाच आहेत.