वर्षवृत्तातील एक ओळ

राज्यशास्त्र-विभागाच्या वर्षअखेरीच्या वृत्तात नेमणुका, निवृत्ती, ग्रंथ व पदव्या यांची नोंद असते. एखाद्या नेमणुकीने विषयाचे स्वरूपच कसे पालटते, हे त्यात येत नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९५० साली हॅरॉल्ड लास्की निवर्तले आणि त्यांच्या अध्यासनावर मायकेल ओकशॉट आले. वृत्ताच्या लेखी ही एक ओळ. वस्तुतः राज्यशास्त्राला समाजपरिवर्तनाचे साधन मानणाऱ्या अध्यापकाच्या जागी, निव्वळ तत्त्वप्रणालीवरून राजकारण घडविता येत नाही असे मानणारा विचारवंत आला होता.

१९५१ च्या आपल्या पहिल्या व्याख्यानात ओकशॉट यांनी राजकीय शिक्षण म्हणजे परंपरेचे जाणते आकलन, असे प्रतिपादन केले. सुधारणा ही परंपरेतच सूचित असलेल्या गोष्टींचा माग काढीत होते. स्त्रियांच्या मताधिकाराचे त्यांचे उदाहरण मार्मिक आहे : स्त्रियांचे कायदेशीर स्थान आधीच पालटले होते, मताधिकाराचा अभाव ही त्यातील विसंगती होती.

मात्र, याच संस्थेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांच्या महाड सत्याग्रहास हे विवेचन लावले की ते तोकडे पडते. १९२३ चा मुंबई विधिमंडळाचा ठराव आणि त्याला अनुसरून १९२४ मध्ये नगरपालिकेने केलेला ठराव असूनही १९२७ पर्यंत चवदार तळे अस्पृश्यांना बंदच राहिले. विसंगती कागदोपत्री उघड होती. ती केवळ जाणत्या आकलनाने दूर झाली नाही, त्यासाठी संघर्ष करावा लागला. तो संघर्षही परंपरेचाच माग होता, असे उत्तर ओकशॉट यांच्या बाजूने देता येईल. पण मग ‘परंपरा’ या संज्ञेबाहेर काहीच उरत नाही.