वस्त्र, शस्त्र आणि इतिहासाचे सत्य

ऐतिहासिक चित्रपटाची चर्चा सुरू झाली की दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पात्रांची वेशभूषा त्या काळाला धरून होती काय, आणि पडद्यावरची लढाई खरोखर तशी झाली होती काय? साहित्यसमीक्षेने हे प्रश्न बहुधा दुय्यम मानले आहेत. शिंपी आणि शिकलगार यांच्या कामाचा हिशेब रसिकाने कशाला ठेवावा, अशी त्यामागची धारणा दिसते. ही धारणा तपासून पाहण्याजोगी आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या जोडीने आहार्य अभिनयालाही स्थान दिले आहे. म्हणजे वेश ही अभिनयावर चढवलेली सजावट नसून तो अभिनयाचाच एक प्रकार आहे. इतिहासातही वस्त्र असेच काही ‘करीत’ असते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटले, तेव्हा त्यांच्या अंगरख्याखाली चिलखत होते. त्या दिवशी पोशाख हाच युद्धनीतीचा एक भाग होता. तो पोशाख चुकीचा दाखवला तर केवळ रंगसंगती बिघडत नाही. घटनेचा अर्थच हरवतो.

अर्थात कलावंताचे स्वातंत्र्य हा मुद्दा उरतोच. जे घडले ते इतिहासकार सांगतो, जे घडू शकेल ते कवी सांगतो, हा ॲरिस्टॉटलचा भेद सर्वपरिचित आहे. ऐतिहासिक कादंबरीची मीमांसा करताना लुकाचने हेगेलच्या आधारे ‘आवश्यक कालविपर्यासा’ची कल्पना मांडली. भूतकाळातील माणसांना स्वतःच्या काळाविषयी जितके स्पष्ट बोलता आले नसते, तितके लेखक त्यांना बोलू देतो. आणि त्या काळाचा आशय उजळत असेल तर ही तडजोड क्षम्य ठरते. हाच निकष वस्त्र आणि शस्त्र यांनाही लावता येईल. एखादी चूक झाली आहे की नाही, एवढ्यावर न थांबता त्या चुकीमुळे घटनेमागचे कारण उजळते की झाकोळते, हे पाहिले पाहिजे.

भारतीय चित्रपटाला भूतकाळाची दृश्यप्रतिमा तयार स्वरूपात मिळाली, हेही विसरून चालणार नाही. राजा रविवर्म्यांच्या चित्रांनी आणि 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या मुद्रणालयातून घरोघर पोहोचलेल्या छापील तसबिरींनी देवादिकांचा पोशाख जवळजवळ कायम करून टाकला. संगीत नाटकांनी भरजरी शालूंना आणि दागिन्यांना रंगभूमीवर मानाचे स्थान दिले. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट केला, तेव्हा चित्रकाराची नजर, रंगभूमीचा ठसका आणि कादंबरीची वीरवृत्ती यांचा संगम झाला. या वारशातून ऐतिहासिक चित्रपटाला भव्यता लाभली. मात्र त्याच वारशातून एक सवयही जडली : भूतकाळ म्हणजे झगमगाट, आणि युद्ध म्हणजे दोन वीरांचे द्वंद्व.

के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ (1960) हा या परंपरेचा कळस होय. त्याच्या निर्मितीसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून कारागीर आणले गेले, सुरतेच्या जरीकामगारांनी वस्त्रे भरली आणि कोल्हापूरच्या कसबी हातांनी मुकुट घडवले, असे सांगितले जाते. तरीही हा चित्रपट अकबराच्या दरबाराचा दस्तऐवज नाही. अकबरकालीन लघुचित्रांत दिसणारा टोकदार घेराचा चाकदार जामा, त्याचे काखेखाली बांधलेले बंद, आटोपशीर पगडी हा साधेपणा पडद्यावर क्वचितच आढळतो. सलीमचे बंड ऐतिहासिक आहे. सन 1600 च्या सुमारास त्याने अलाहाबादेत आपला स्वतंत्र दरबार थाटला होता. परंतु चित्रपटात दिसते तशी पिता-पुत्रांची निर्णायक रणभूमीवरील लढाई झाली नाही, आणि अनारकलीच्या कथेला समकालीन साधनांचा आधार नाही. ती कथा इम्तियाज अली ताज यांच्या उर्दू नाटकाने सर्वतोमुखी केली. येथे सत्तेच्या वारशाचा प्रश्न प्रेमाच्या प्रश्नात रूपांतरित झाला आहे. तरी पित्याची माया आणि सम्राटाचे कर्तव्य यांतील ताण खराच राहतो. चिलखताच्या वजनाखाली अवघडलेला अकबर त्या ताणाचे दृश्यरूप होतो. राजकीय कारण गमावले, पण मानवी कारण राखले, असा या चित्रपटाचा जमाखर्च मांडता येईल.

या झगमगाटाचा एक परिणाम मात्र चित्रपटगृहाबाहेर झाला. आज कापडबाजारात ‘अनारकली’ या नावाने विकला जाणारा घेरदार पोशाख आपल्या नावासाठी या कथेचा ऋणी आहे. कालांतराने तोच ‘मोगल परंपरेतील’ पोशाख म्हणून ओळखला जाऊ लागला. कल्पित वेश परंपरेचा दर्जा मिळवतो आणि पुढचा वेशभूषाकार त्यालाच पुरावा मानतो. चित्रपट इतिहासातून न घेता चित्रपटातूनच घेऊ लागतो, तेव्हा चूक ही चूक राहत नाही. तिची रूढी बनते.

याच्या दुसऱ्या टोकाला सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (1977) उभा आहे. फेब्रुवारी 1856 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले. त्या वेळी नवाब वाजिद अली शाह याने करारावर सही करण्यास नकार दिला. मात्र प्रतिकारही केला नाही. मस्तकावरील पागोटे उतरवून त्याने ते रेसिडेंट आउट्रमच्या हाती दिले, अशी नोंद आहे. राय यांनी हा क्षण कसलाही गाजावाजा न करता चित्रित केला आहे. शिरोभूषण उतरणे म्हणजे राज्य उतरणे. येथे वस्त्र हीच राजकीय घटना आहे, आणि म्हणूनच ते अचूक असणे अपरिहार्य ठरते. नवाबाचा वेश केवळ ऐश्वर्याची खूण म्हणून वापरला असता, तर हा क्षण इतका बोलका झाला नसता. युद्ध, राज्यभ्रंश आणि मरण या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता सूचित कराव्यात, असे नाट्यशास्त्र सांगते. जी लढाई झालीच नाही ती राय यांनी सूचनेतूनच दाखवली आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे तो मूळ कथेत त्यांनी केलेला बदल. प्रेमचंदांच्या कथेत मीर आणि मिर्झा अखेरीस तलवारी उपसतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. राज्यासाठी ज्यांनी रक्त सांडले नाही, ते बुद्धिबळातल्या वजिरासाठी प्राण देतात, हा त्या कथेतील दाहक उपरोध होय. राय यांनी तलवारीच्या जागी पिस्तूल आणले. गोळी सुटते, पण जीव जात नाही. कंपनीची फौज शहरात शिरत असते आणि दोघे पुन्हा पट मांडून बसतात. तलवार हे त्या सरदारवर्गाच्या पूर्वजांचे शस्त्र होते. ती चालवली तर पतनालाही एक पीळ लाभतो. राय यांच्या पात्रांना तेवढेही भाग्य मिळत नाही. कथेशी इमान सोडून घेतलेले हे स्वातंत्र्य अवधच्या रक्तहीन पतनाच्या इतिहासाशी अधिक जुळते. आवश्यक फेरफार म्हणतात तो असा.

संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ (2015) ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ (1972) या कादंबरीवर आधारलेला आहे. चित्रपटातील आरसेमहालाचे दृश्य नेत्रदीपक आहे. पण त्याची वंशावळ शनिवारवाड्यापेक्षा ‘मुघल-ए-आझम’मधील शीशमहालाकडे जाते. अखेरीस बाजीराव बाणांच्या वर्षावातून जवळजवळ एकट्याने शत्रूवर चालून जातो. प्रेक्षक भारावतो. परंतु इतिहासातील बाजीरावाचे मोठेपण नेमके याच्या उलट आहे. 1727-28 च्या मोहिमेत त्याने जड तोफखाना आणि बाजारबुणगे बरोबर घेतले नाहीत. चपळ घोडदळाच्या बळावर निजामाला दूरवर फिरवत नेले, त्याचा अवजड तोफखाना मागे पडू दिला, आणि पालखेडजवळ त्याचे दाणापाणी तोडून त्याला मार्च 1728 मध्ये मुंगी-शेवगावचा तह करायला लावले. मोठी हातघाईची लढाई न करता मिळवलेला हा विजय होता. घोड्यांचा वेग, वाटांची माहिती, पाणवठ्यांवरील ताबा आणि सरदारांमधील सुसूत्रता यांनी तो घडवला. त्या बुद्धीच्या जागी बाहुबळ दाखवले की नायक मोठा होत नाही; तो इतर कोणत्याही चित्रपटातील नायकासारखा होतो.

येथे वादांच्या स्वरूपाकडेही पाहिले पाहिजे. 2015 मध्ये या चित्रपटातील ‘पिंगा’ या गाण्यावरून बराच गदारोळ झाला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील काय, लुगडे असे नेसले जाईल काय, हे आक्षेप निराधार नव्हते. पेशव्यांच्या घरातील स्त्रियांच्या रीतिभातीचे ते अवमूल्यन होतेच. परंतु युद्धाच्या चित्रणाबद्दल तेवढी तक्रार ऐकू आली नाही. कारण उघड आहे. वेशातील चुकीने प्रतिष्ठेला धक्का लागला, तर लढाईतील चुकीने अभिमान सुखावला. जी चूक दुखावते तिच्यावर बोट ठेवायचे आणि जी चूक कुरवाळते ती डोळ्यांआड करायची, ही इतिहासनिष्ठा नव्हे.

ऐतिहासिक चित्रपटाचा विचार करताना अचूकतेचा आग्रह धरावा, पण तो केवळ बटणे आणि बक्कल मोजण्यापुरता नसावा. जामा कोणत्या बाजूला बांधला, हा तपशील कधी गौण असेल. पागोटे कोणाच्या हाती दिले, हा तपशील कधीच गौण नसतो. माणसे अशी का वागली, जिंकली किंवा हरली ती कशामुळे, हे ज्या वस्त्रातून आणि शस्त्रातून कळते तेथे कलावंताने सत्याशी प्रतारणा करू नये. ज्यांनी बखर वा पत्रव्यवहार कधी वाचला नाही, अशा असंख्य प्रेक्षकांसाठी पडद्यावरची लढाई हाच इतिहासाचा पहिला, आणि पुष्कळदा शेवटचा धडा असतो. पराक्रम म्हणजे एकट्याने तलवार फिरवणे असे त्यांनी शिकायचे, की तो दूरदृष्टी, शिस्त आणि असंख्य अनाम माणसांचे श्रम यांतून घडतो असे, हा प्रश्न वेशभूषाकाराच्या दालनापुरता राहत नाही. समाज आपल्या भूतकाळाकडून काय मागतो, याच्याशी तो जोडलेला आहे.