तीन पानांतला युक्तिवाद

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले हॅरी डीट्झ आणि सहकाऱ्यांचा मार्फान सिंड्रोमवरचा शोधनिबंध १९९१च्या जुलैमध्ये 'नेचर'मध्ये आला. जेमतेम तीन पानं. निष्कर्ष शीर्षकातच सांगून टाकलाय, तरी उत्कंठा टिकते, कारण खरी गोडी पुराव्याच्या मांडणीत आहे.

या आजारात संयोजी ऊतक कमकुवत असतं. लांब हातपाय, निमुळती बोटं, डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलेलं. आणि सगळ्यात मोठी धास्ती महाधमनीची. ती हळूहळू फुगत जाते आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर फाटते. आजाराचं मूळ पंधराव्या गुणसूत्रावर आहे, हे फिनलंडमध्ये लीना पेल्टोनेन यांच्या गटाने १९९०मध्ये दाखवलं होतं. लिन साकाई यांनी १९८६मध्ये शोधलेल्या फायब्रिलिन या प्रथिनावर संशयही होता. पण गल्ली सापडली म्हणजे घर सापडलं, असं होत नाही.

आता डीट्झ यांचा पुरावा पाहा. आईवडील धडधाकट, मूल मात्र आजारी. मुलाच्या फायब्रिलिन जनुकातलं एकच अक्षर बदललंय, त्यामुळे आर्जिनिनच्या जागी प्रोलिन आलंय. प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल. ते आलं की साखळीची घडी बिघडू शकते. आईवडिलांच्या जनुकात हा बदल नाही. घरात आजार नवा, बदलही नवा! आनुवंशिक आजाराचं कारण पकडायला वारशाने न आलेला बदल साक्षीला आला, ही मला या निबंधातली सर्वांत देखणी जागा वाटते. तरी कुणी योगायोग म्हणेल. म्हणून दुसरा रुग्ण समोर येतो. पहिल्याशी रक्ताचं नातं नाही, आणि जनुकात नेमका तोच बदल. वकिली भाषेचा एकही शब्द न वापरता शंकेची वाट बंद होते.

त्याच अंकातल्या आणखी एका निबंधाने पाचव्या गुणसूत्रावरच्या दुसऱ्या फायब्रिलिन जनुकाचा संबंध जन्मतः सांधे आखडणाऱ्या, मार्फानसारख्याच दिसणाऱ्या आजाराशी जोडला. पॅरिसच्या आंत्वान मार्फान यांनी १८९६मध्ये जिचं वर्णन केलं, ती पाच वर्षांची गॅब्रिएल बहुधा याच दुसऱ्या आजाराची असावी, असं पुढे अनेक डॉक्टरांनी म्हटलंय.

दोन रुग्णांत एकच बदल पाहून सगळ्यांत तोच असेल असं वाटू शकतं. तसं नाही. पुढे हजाराहून अधिक बदल सापडले, बहुतेक कुटुंबांचा आपापला वेगळा. त्यामुळे आजच्या तपासणीत ते लांबलचक जनुक सबंध वाचावं लागतं. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत बदल नव्याने आलेला असतो. अशा आईवडिलांना पुढच्या मुलाबद्दल बराच दिलासा देता येतो. रुग्णाच्या स्वतःच्या प्रत्येक मुलाला मात्र ५० टक्के शक्यता असते, आणि तेही त्याच भेटीत सांगावं लागतं.