भिंतीवरचं मेक्सिको

कवठे महांकाळचा आणि मेक्सिकोचा संबंध काय, असं विचारणाऱ्या गृहस्थानं आधी आपल्या ताटात डोकावून पाहावं. ठेच्यातली मिरची मूळची तिकडची. बांधावरचा मका तर अस्सल तिकडचाच. आणि दसऱ्याला आपण घराच्या दाराला, ट्रॅक्टरला आणि पिठाच्या गिरणीला ज्या झेंडूच्या माळा घालतो, तो झेंडूही मेक्सिकोचा. समुद्रावरून हा माल आला, आपण तो खाल्ला, माळला आणि 'आमचा' म्हणून मोकळे झालो. चित्रं तेवढी आली नाहीत. मिरचीला जे पारपत्र लागलं नाही ते चित्रांना लागत असावं.

मी तीसेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे कळशी, तांब्या आणि मागे निळा पडदा. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणाऱ्या पोरांनी तो तांब्या इतक्या वेळा काढला, की शेवटी शेवटी तो तांब्याच माझ्याकडे बघून उसासे टाकायचा. निवृत्तीनंतर भाच्यानं मेक्सिकोच्या चित्रकलेचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. ते उशाला घेऊन पंधरा दिवस झोपलो आणि मान धरली. पण त्या देशाबद्दल बोलायचा अधिकार मला त्या मानेनं दिला आहे.

पुस्तक उघडल्याबरोबर दर्शन होतं ते कोआत्लिक्वे या देवीचं. डोक्याच्या जागी दोन सर्पमुखं, कमरेला सापांचाच घागरा, गळ्यात माणसाचे हात, काळजं आणि कवटी. ही शिळा 1790 साली मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात खणताना सापडली. स्पॅनिश मंडळींनी ती विद्यापीठात नेऊन ठेवली, तर लोक तिची पूजा करायला लागले. तेव्हा घाबरून त्यांनी तिला पुन्हा पुरली! युरोपातले पंडित तिच्यापुढे दचकले याचं मला नवल वाटत नाही. पण ज्याच्या गावाच्या नावातच महांकाळ आहे, त्यानं कशाला दचकावं? मला ती घरातल्या तापट आत्याबाईसारखी वाटली. ओरडते, पण घर तिच्यावर उभं आहे.

आता या देशात चित्र नाही अशी जागा सापडणं मुश्कील. हुइचोल लोक फळीला मेण लावून त्यावर रंगीत लोकरीचे धागे दाबत चित्रं करतात. गेरेरो प्रांतातले लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीची भांडी रंगवत होते. 1960च्या सुमारास कुणीतरी त्यांच्या हाती झाडाच्या सालीचा कागद दिला आणि मडक्यावरचे पक्षी कागदावर उडाले. आपल्या जिव्या सोमा मशे यांनी 1970नंतर वारली चित्र झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणलं, त्याचाच हा थोरला भाऊ. पुढची गोष्टही दोन्हीकडे सारखीच. तिकडचे पक्षी प्रवाशांच्या बाजारात ठोकभावानं जाऊ लागले आणि इकडची वारली माणसं चहाच्या ट्रेवर, चादरीवर आणि मुंबईच्या हॉटेलातल्या स्वच्छतागृहाच्या दारावर फेर धरून नाचू लागली. मशे यांच्या चित्रात मासे धरायचं जाळं पाहिलं की वारा लागतो. चादरीवर नुसता तारपा वाजतो, ऐकू काही येत नाही. चित्राची जागा बदलली म्हणून ते मरत नाही, काढणारा बघायचं थांबला की मरतं.

होसे ग्वादालुपे पोसादा या छापखान्यातल्या माणसावर मात्र माझा फार जीव जडला. 1852 ते 1913 हे त्याचं आयुष्य. दिडकीला विकल्या जाणाऱ्या पत्रकांवर तो सांगाडे छापायचा: सायकलवरचे सांगाडे, नाचणारे सांगाडे, आणि फुलांची-पिसांची भलीथोरली टोपी घातलेली ती प्रसिद्ध नखरेल हाडांची बाई. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेलेली माणसं घरी जेवायला येतात आणि त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपणही सर्वपित्रीला खीर-वडे करून गच्चीवर कावळ्याची मनधरणी करतो. पण कावळा शिवेपर्यंत आपल्या घरात हसायची कुणाची छाती आहे? पोसादानं मेलेल्यांना हसवलं आणि जिवंतांना, तुमच्या पोशाखाच्या आत काय आहे ते माहीत आहे म्हणून ठेवलं. हा माणूस गरिबीत मेला. नंतरच्या मोठमोठ्या चित्रकारांनी त्याला गुरू मानलं, हे त्या चित्रकारांचं मोठेपण. आपल्याकडे आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांनी श्रावणातल्या जिवतीच्या कागदाला गुरू केलं?

मग येतात भिंती. 1921 साली तिथं व्हास्कोन्सेलोस नावाचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी सरकारी इमारतींच्या भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. भिंती आपल्याही सरकारनं रंगवल्या. त्यांवर लाल त्रिकोण आला, त्यातल्या आईबापांचे आणि दोन मुलांचे चेहरे एकाच साच्यातून काढलेले, आणि खाली उपदेश. तिकडे दिएगो रिवेरानं शिक्षण खात्याच्या इमारतीत 1923 ते 1928 या काळात दोनशेवर चित्रं काढली. उपदेश त्यातही आहेच, नाही असं नाही. हा गृहस्थ बोटभर जागा मोकळी सोडत नाही, आषाढीच्या एस.टी.सारखं चित्र भरतो आणि प्रत्येक प्रवाशाच्या हातात कोयता नाहीतर झेंडा देतो. ओरोस्को मला त्याच्यापेक्षा थोर वाटतो. एक हात तरुणपणीच्या अपघातात गेलेला, तरी ग्वादालाहारातल्या घुमटात त्यानं जळता माणूस असा काढलाय, की पुस्तकाचं पान हाताला गरम लागतं. फ्रिदा काहलोनं नवसाच्या पत्र्यावरची चित्रं जमवली आणि तशीच लहान, पत्र्यावरची चित्रं काढून आपलं मोडलेलं शरीर त्यात मांडलं. आणि या सगळ्या घोषणांकडे पाठ करून रुफिनो तामायो नुसती कलिंगडं रंगवत बसला. त्याची लाल फोड बघून मला उन्हाळ्यातला आठवडी बाजार आठवतो.

याच शिक्षण खात्याच्या भिंतीवर आपला एक माणूस बसलाय. 'आमची भाकरी' अशा अर्थाच्या नावाचं 1928चं चित्र आहे. सगळ्या रंगांची माणसं एका टेबलाभोवती, आणि भाकरी मोडून देतोय तो वर्ध्याचा पांडुरंग खानखोजे. गदर पक्षातला क्रांतिकारक, इंग्रजांना चुकवत जगभर फिरून 1924 साली मेक्सिकोत पोचला, तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला आणि मक्याच्या जाती सुधारत बसला. ज्यांनी जगाला मका दिला, त्यांना मका शिकवायला वऱ्हाडी माणूस! 1967 साली नागपुरात त्यांचं निधन झालं. मी गावात दहा सुशिक्षितांना विचारलं. नऊ जणांना नाव माहीत नव्हतं आणि दहाव्यानं ते आमदार होते का म्हणून विचारलं.

मेक्सिकोची दुसरी खूण तर आणखी जवळ, औंधच्या संग्रहालयात. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या त्या टेकडीवरच्या घरात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी मायलेकरू आहे. मूरला वळण लावलं ते मेक्सिकोच्या चाकमूल नावाच्या आडव्या देवानं. म्हणजे तो दगड लंडनमार्गे औंधात आला. आणि औंधला सहलीला गेलेली पोरं डब्यातली चटणी-भाकरी खाऊन परत येतात. चटणी पुन्हा मेक्सिकोचीच.

हे सगळं आठवायचं कारण की यंदा इथल्या एका शाळेची कुंपणाची भिंत 'सुशोभित' व्हायची आहे. बैठकीत बहुमत फ्लेक्सला आहे: स्वस्त, दोन तासांत तयार, आणि टीव्हीतली कार्टूनं हुबेहूब. गावात एक पेंटर आहेत. एके काळी दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड, देवळाची शिखरं सगळं त्यांच्या हातचं. आता बेंदराला बैलांच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड लावणं, एवढ्यावर त्यांचा ब्रश जिवंत आहे. आणि शिंगांवरची त्यांची नक्षी बघावी! बैल मान हलवतोय आणि रेघ हलत नाही. मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि रिवेराचं ते पान उघडलं.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं.

"सर, आपल्याकडं असतं तर ह्याच्याखाली शुभेच्छुकांची नावं आली असती."

खानखोज्यांची हकीकत सांगितली. त्यांनी मान डोलावली, पण लक्ष दुसरीकडंच होतं. "ह्यो रंग कशावर लावलाय?"

"ओल्या गिलाव्यावर. गिलावा वाळायच्या आत काम उरकायचं. दिवसाला जेवढं होईल तेवढंच गिलवायचं."

"म्हंजे गवंडी आन्‌ पेंटर संगं उभं पायजेत." ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि मला घेऊन थेट शाळेच्या भिंतीपाशी आले. बोटाच्या पेरानं चार ठिकाणी टकटक केलं. खालच्या हातभर भागात आवाज पोकळ आला.

"हितं ओल धरलीया. आधी हे पोपडं काढाय लागतील," ते म्हणाले, आणि नखानं एक पोपडा काढून माझ्या हातात दिला.