पडद्यावरचे पाणी नियमाने पडते का?

शाळेच्या संकेतस्थळावर हलती चित्रे घालणे आता अवघड राहिलेले नाही. आज्ञावलीची एक ओळही न लिहिता, माऊसने आकृत्या सरकवून शिक्षक धरणातून पडणारे पाणी दाखवू शकतात. या उत्साहाचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु विज्ञानाचा पाठ म्हणून अशी चित्रे तपासली, तर एक दोष वारंवार आढळतो.

वस्तूची आरंभीची व शेवटची जागा सांगितली, की मधली चित्रे साधन स्वतः भरते. 2007 साली आलेल्या स्क्रॅचमध्ये वस्तू 'सरकवण्याचा' ठोकळा तिला एकसारख्या वेगाने नेतो. इतर अनेक साधने तिला सावकाश हलवून, मध्ये वेग देऊन, शेवटी पुन्हा मंद करतात. पान उलटायला ही गती शोभते. पाण्याच्या थेंबाला ती शोभत नाही. स्थिर स्थितीतून सुटलेला थेंब, हवेचा रोध सोडल्यास, पहिल्या सेकंदात 4.9, दुसऱ्या सेकंदात 14.7 आणि तिसऱ्या सेकंदात 24.5 मीटर पडतो. म्हणजे 1 : 3 : 5. जमिनीजवळ येऊन मंदावणारा थेंब निसर्गात नाही.

'चित्रच तर आहे' असे कोणी म्हणेल. पण विद्यार्थी उंची बदलून पाहतो, तेव्हा तो चित्राला प्रश्न विचारत असतो. उत्तर चुकीचे आले, तर तो चुकीचा प्रयोग ठरतो.

खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 1916 साली स्थापन झालेल्या या संस्थेत धरणांच्या लहान प्रतिकृतींवर पाणी सोडून अभ्यास होतो. समजा, प्रतिकृती 1 : 100 प्रमाणात आहे. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून 20 मीटर पडायला सुमारे 2 सेकंद लागतात, तर प्रतिकृतीतील 20 सेंटिमीटरला 0.2 सेकंद. अशा प्रतिकृतीचे चित्रीकरण दहापट मंद केले, तरच ते खऱ्या धरणासारखे दिसेल. प्रतिकृतीलाही मर्यादा आहेत. पाण्याचा पृष्ठताण शंभरपट कमी होत नाही, त्यामुळे फेस व तुषार हुबेहूब येत नाहीत. मात्र अभियंत्याला ही मर्यादा ठाऊक असते आणि तो ती हिशेबात धरतो.

चित्र करणाऱ्या शिक्षकानेही तेच करावे. स्क्रॅचमध्येच 'वेग' नावाचा चल घ्यावा, प्रत्येक पायरीला त्यात ठरावीक भर घालावी आणि वस्तू तेवढी खाली न्यावी. काम चार ठोकळ्यांचे आहे. चित्राखाली 'हवेचा रोध धरलेला नाही' असे लिहावे.

मग विद्यार्थ्यांनाच परीक्षक करावे. चित्र समान कालांतराने थांबवून पडद्यावरील अंतरे पट्टीने मोजायला सांगावीत. ती जवळपास 1, 3, 5 अशी वाढत गेली, तर चित्र ठेवावे. नाही तर चित्र कितीही देखणे असो, ते दुरुस्तीला परत पाठवावे.