वावडे, विनोद आणि पीटर ससा

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या लेखिकेचे ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ हे छोटेसे सचित्र पुस्तक १९०२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आईने बजावूनही पीटर हा ससा मॅक्ग्रेगरच्या बागेत शिरतो, पोटभर खातो, पकडला जाता जाता वाचतो आणि घरी येऊन आजारी पडतो. त्याला कॅमोमाइलच्या फुलांचा काढा प्यावा लागतो. त्याच्या शहाण्या बहिणींना मात्र रात्री दूध, पाव आणि ब्लॅकबेरी मिळतात. ब्लॅकबेरी म्हणजे आपल्या तुतीसारखे दिसणारे काळे फळ.

याच सशावर सोनी पिक्चर्सने काढलेला चित्रपट फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. विल ग्लक हे त्याचे दिग्दर्शक. पुस्तकात बक्षीस म्हणून मिळणारी ब्लॅकबेरी इथे शस्त्र झाली आहे. मॅक्ग्रेगरांच्या घरातल्या टॉम या तरुणाला ब्लॅकबेरीची ॲलर्जी आहे आणि हे सशांना ठाऊक आहे. ते त्याच्यावर फळांचा मारा करतात. एक ब्लॅकबेरी नेमकी त्याच्या तोंडात जाते. टॉमचा श्वास कोंडतो, तो धडपडत स्वतःला इंजेक्शन टोचून घेतो आणि कोसळतो. प्रेक्षकांनी यावर हसावे अशी अपेक्षा आहे.

ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या अमेरिका व ऑस्ट्रेलियातील संस्थांनी यावर तीव्र आक्षेप घेतला. काही दिवसांतच सोनी आणि चित्रपटकर्त्यांनी क्षमा मागितली. वाद तेवढ्यावर मिटला. परंतु शिक्षकांनी या प्रसंगाचा जरा निराळ्या अंगाने विचार करायला हवा. ॲलर्जी असलेल्या मुलाने ती स्वतः बोलून दाखवावी, अशी आपली अपेक्षा असते. बोलल्यानंतर काय होऊ शकते, याचे एक चित्र या चित्रपटाने मुलांपुढे ठेवले. माणसाची दुखरी जागा इतरांना कळली आणि त्यांनी तिच्यावरच नेम धरला. हे पाहिलेले मूल वर्गात तोंड उघडेल का?

बाजू मांडायची तर

चित्रपटाच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांच्या गोष्टींत आदळआपट असतेच. मूळ पुस्तकात तर पीटरच्या वडिलांचे मांस पायमध्ये घालून मॅक्ग्रेगरच्या घरी खाल्ले गेले, असे आईच सांगते. इसापापासून पंचतंत्रापर्यंत प्राणी एकमेकांना फसवतात आणि फाडून खातात. ते चालते, मग एक ब्लॅकबेरी का चालू नये?

उत्तर अनुकरणात आहे. सशाला पायमध्ये घालणे हा प्रकार कोणतेही मूल वर्गात करून पाहू शकत नाही. खाण्याचा तुकडा कोणाच्या अंगावर उडवणे मात्र कोणालाही जमते. शिवाय कार्टूनमधल्या मारामारीत काय घडते आहे, हे पाहणाऱ्या मुलाला माहीत असते. डोंगरावरून पडले की लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दाण्याच्या एका कणाने जीव जाऊ शकतो हे मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. ज्या धोक्याची ओळखच नाही त्याची थट्टा झाली, की तो धोका खोटा वाटू लागतो.

खोडसाळपणाचा हेतू नसतानाही काय होऊ शकते, हे हा चित्रपट येण्याच्या काही महिने आधीच दिसले होते. २०१७ च्या जूनमध्ये लंडनमधील एका शाळेत दुधाची ॲलर्जी असलेल्या १३ वर्षांच्या मुलाच्या अंगावर एका वर्गमित्राने चीजचा तुकडा फेकला. मुलाला तीव्र प्रतिक्रिया आली आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. शाळेत त्याच्यासाठी ठेवलेल्या इंजेक्शनची मुदत संपलेली होती. तुकडा फेकणाऱ्याला मित्राचा जीव घ्यायचा नव्हता. आपण काय फेकतो आहोत, हे त्याला कोणी पुरेसे समजावलेच नव्हते.

शरीरात काय घडते

योगायोग असा, की पीटर सशाचे पुस्तक आले त्याच साली, १९०२ मध्ये, शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द वापरात आणला. समुद्रफुलासारख्या प्राण्यांचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून त्यांच्यात संरक्षण निर्माण होते का, हे ते पाहत होते. घडले उलटेच. काही आठवड्यांनी अगदी अल्प मात्रा दुसऱ्यांदा टोचताच कुत्रे काही मिनिटांत दगावले. या कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला.

आज ही यंत्रणा बरीच उलगडली आहे. दाणे, दूध, अंडे, तीळ अशा पदार्थांतील एखाद्या प्रथिनाला शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई जातीचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड ‘मास्ट’ नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले, की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायने एकदम बाहेर टाकतात. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. प्रतिक्रिया तीव्र असेल तर श्वासनलिका आकसते, रक्तदाब कोसळतो. हेच ॲनाफिलॅक्सिस. यावर पहिला उपाय म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिन. ते रक्तदाब वर आणते, श्वासमार्ग मोकळा करते.

चित्रपटाला एक श्रेय द्यायला हवे. संकटात पहिला उपाय म्हणून इंजेक्शन दिसते आणि ते लगेच घेतले जाते. पण पुढच्या प्रसंगांत टॉम पुन्हा ठणठणीत होऊन सशांशी झुंजतो आणि हे शास्त्रदृष्ट्या दिशाभूल करणारे आहे. इंजेक्शनने बरे वाटले तरी काही तासांनी लक्षणे उलटू शकतात. म्हणून रुग्णाला आडवे ठेवून, उठू-चालू न देता रुग्णालयात नेणे आवश्यक असते. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याला बसू द्यावे.

नाजूक माणसाची खूण

आणखी एक सवय या चित्रपटात दिसते, आणि ती त्याच्या एकट्याची नाही. ॲलर्जी कोणाला द्यायची हे पटकथाकार कसे ठरवतात? टॉम हा नीटनेटकेपणाचे वेड असलेला, चिडका, शहरी माणूस आहे. २००५ च्या ‘हिच’ या चित्रपटात ऐटबाज नायकाचा रुबाब उतरवायचा म्हणून त्याला सागरी खाद्याची ॲलर्जी दिली आहे. त्याचा सुजलेला चेहरा हाच तिथला विनोद. अशा कथांमध्ये ॲलर्जी ही आजाराची खूण न राहता स्वभावाची खूण होते. माणूस नाजूक आहे, त्याचे नखरे आहेत, असे तिच्यातून सुचवले जाते.

मुलांना हे नेमके कळते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील संशोधकांनी अन्नाची ॲलर्जी असलेली ८ ते १७ वर्षांची मुले आणि त्यांचे पालक, अशा २५१ कुटुंबांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे एक तृतीयांश मुलांनी ॲलर्जीवरून आपला छळ झाल्याचे सांगितले. त्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या पालकांना याचा पत्ता नव्हता. ज्यांच्या पालकांना तो होता, ती मुले तुलनेने समाधानी होती. म्हणजे सांगण्याने लाभ होतो. तरीही मुले सांगत नाहीत, याचा अर्थ सांगण्याची किंमत त्यांना जास्त वाटते.

आपल्याकडचे वावडे

हा प्रश्न परदेशी म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. मराठीत ॲलर्जीला ‘वावडे’ असा चांगला शब्द आहे. एखाद्याला न मानवणारा पदार्थ, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु आपण “याला अभ्यासाचे वावडे आहे” असेही म्हणतो, आणि आता “मला गणिताची ॲलर्जी आहे” असेही. दोन्ही शब्द नावडीसाठी वापरून आपण बोथट केले आहेत. त्यामुळे “मला दाण्यांचे वावडे आहे” असे एखादी मुलगी म्हणाली, तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘थेरं’.

त्यात आपले संस्कार. पानात टाकू नये, अन्नाला नावे ठेवू नयेत, मोठ्यांनी दिलेले नाकारू नये. हे संस्कार वाईट नाहीत, पण ॲलर्जी असलेल्या मुलाला त्यांतून वाट नसते. संक्रांतीला बाई प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवतात. त्यात तीळ असतात, बहुधा दाण्याचे कूटही असते. तो न घेणारे मूल गोड बोलायलाच नकार देते आहे असे दिसते. प्रसाद, वाढदिवसाची चिक्की, मैत्रिणीच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी, सगळीकडे हेच. आणि आग्रहाचे वाक्य ठरलेले असते: “एवढ्याशाने काही होत नाही.” शास्त्र सांगते, की काही मुलांना एवढ्याशानेच होते.

वर्गासाठी

म्हणून ‘मुलांना बोलते करा’ या उपदेशातले अर्धे काम शिक्षकांचे आणि वर्गाचे आहे. मुलाने सांगितले, की सर्वांसमोर खातरजमा करू नये, चव घ्यायला लावू नये. पहिले उत्तर “बरे केलेस सांगितलेस” हेच असावे. खरी ॲलर्जी की नुसते दूध न पचणे, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. ते ठरेपर्यंत मुलावर विश्वास ठेवण्यात काहीच तोटा नाही.

लहान मुले ‘श्वास कोंडतो’ असे म्हणत नाहीत. ती “जीभ टोचते”, “घशात केस अडकलाय”, “ओठ जाड झालाय”, “पोटात कसंतरी होतंय” असे सांगतात. एकाएकी आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना किंवा मूल गळून गेले, तर वेळ दवडू नये. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. टोचून घेण्याचे तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नसले, तरी लसीकरणाच्या ठिकाणी ॲड्रेनलिन ठेवलेले असते. जवळचे आरोग्य केंद्र कोणते आणि तिथे किती मिनिटांत पोचता येते, हे शाळेने आधीच पाहून ठेवावे. १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

आणि हा चित्रपट मुलांपासून लपवू नये. वरच्या वर्गात तो प्रसंग जरूर दाखवावा आणि विचारावे: सशांना काय माहीत होते? काय माहीत नव्हते? टॉमच्या जागी तुमचा शेजारी असता, तर तुम्ही कोणत्या क्षणी हात अडवला असता? जीवशास्त्राच्या तासाला रोगप्रतिकार यंत्रणा शिकवतानाच हे प्रश्न घेता येतील. त्यांची उत्तरे ऐकताना ॲलर्जी असलेले मूल गप्प बसले तरी चालेल. आपल्या बाजूने कोण उभे राहील, हे तेव्हा ते पाहत असते.